काकडी पिळायची, दही टांगायचं

किसलेली काकडी मुठीत धरून पिळली की सुरुवातीला पाणी धारेनं पडतं, मग थेंबाथेंबानं. इथे बहुतेक जण हात झटकून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. मूठ उघडून, काकडी जरा मोकळी करून पुन्हा पिळली तर आणखी दोन-तीन चमचे पाणी निघतं. तिसऱ्यांदा पिळल्यावर हातात उरतो तो मुटक्याएवढा हिरवट गोळा. पाव किलोच्या वर वजन असलेल्या काकडीतून अर्धा पेला पाणी सहज निघतं. ग्रीसमधल्या त्झात्झिकीचं निम्मं काम इथे होतं. उरलेलं निम्मं आदल्या रात्रीच झालेलं असतं, नळाला टांगलेल्या दह्याच्या पुरचुंडीत.

मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर हा पदार्थ आता ‘डिप’ या सदरात दिसतो आणि पिटा ब्रेडच्या चार तुकड्यांसोबत छोट्याशा वाटीत येतो. भाव पाहिला की वाटतं, आत काहीतरी दुर्मीळ असणार. प्रत्यक्षात आत असतो चक्का, काकडी, लसूण, मीठ, थोडं व्हिनेगर, चिरलेला शेपू आणि ऑलिव्ह तेल. तेल सोडलं तर यातलं सगळं कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळेल. शेपूसुद्धा! ज्या भाजीच्या वासानं निम्मं घर जेवणाच्या ताटावरून उठायला बघतं, तीच भाजी ग्रीक माणूस दह्यात घालून आवडीनं खातो आणि तिला ‘आनिथोस’ म्हणतो.

नावाचंही तसंच. इंग्रजीतून आलेलं ‘त्झात्झिकी’ हे रूप पाहून जीभ अडखळते, पण मराठी माणसाला अडखळायचं काही कारण नाही. ग्रीकमध्ये त्या जोडाक्षराचा उच्चार आपल्या ‘जवळ’, ‘जाड’, ‘जरा’ यांतल्या दंत्य ‘ज’सारखा होतो. तो ‘ज’ हिंदीत नाही, इंग्रज लोकांना तो शब्दाच्या सुरुवातीला म्हणताना कष्ट पडतात, मराठीत मात्र तो रोजचा आहे. ‘जवळ’मधला ज दोनदा घेऊन ‘जाजीकी’ म्हणायचं आणि ‘जी’वर जोर द्यायचा. दुसरा ज ‘जीव’मधल्यासारखा तालव्य होऊ द्यायचा नाही, एवढंच. अथेन्समधला वेटर मान डोलावेल.

शब्द मुळात ग्रीक नाही. तो तुर्की ‘जाजुक’वरून आला, आणि ते लपवायचा कुणी फारसा प्रयत्नही करत नाही. ग्रीसचा मोठा भाग काही शतकं ऑटोमन साम्राज्यात होता. पदार्थ आणि शब्द इकडून तिकडे जात राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस त्सेलेमेंतेस या नामवंत स्वयंपाक्यानं ग्रीक जेवणातून तुर्की वळण काढून टाकायचा चंग बांधला होता. वांग्या-मांसाच्या मुसाक्यावर फ्रेंच पद्धतीच्या पांढऱ्या सॉसचा थर चढला तो त्याच्यामुळे, आणि त्याचं पुस्तक एवढं खपलं की ग्रीकमध्ये ‘त्सेलेमेंतेस’ म्हणजेच पाककृतींचं पुस्तक असा अर्थ रूढ झाला. पुढे १९७४ मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरल्यावर ग्रीक कॅफ्यांतली ‘तुर्की कॉफी’ रातोरात ‘ग्रीक कॉफी’ झाली. त्झात्झिकी मात्र या सगळ्यातून तुर्की नावानिशी सुटली. कदाचित तिच्याशिवाय सुवलाकी, म्हणजे भाजलेलं मांस, खायची कल्पना कुणाला सोसली नसावी.

आता मूळ प्रश्न. दही आणि काकडी एकत्र करायची म्हणजे आपली कोशिंबीरच की. मग वेगळं काय?

वेगळं आहे ते पाणी. काकडीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं, कारण पेशीच्या बाहेर मिठाचं प्रमाण वाढलं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. मराठी घरातली बाई हे शास्त्राच्या भाषेत सांगणार नाही, पण तिची सगळी शिस्त त्यावरच बेतलेली असते. मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचं. काकडी किसायची नाही, कोचायची. कुणी याला चोचवणं म्हणतं. शिवाय दाण्याचं कूट. ते चवीला असतंच, पण सुटलेलं पाणी शोषून घेण्याचं कामही तेच निमूटपणे करतं. कोशिंबिरीचा सारा डाव हा पाणी सुटायच्या आत ती पानात वाढण्याचा आहे. म्हणून पंगतीत ती डावीकडे ताजी ताजी येते आणि संध्याकाळपर्यंत उरली तर तिच्याकडे कुणी बघत नाही.

ग्रीक लोकांनी उलटी वाट धरली. पाणी सुटणारच ना? मग आधीच सोडवून घ्या. किसलेल्या काकडीला मीठ चोळून ती चाळणीत अर्धा तास ठेवायची, पिळून कोरडी करायची आणि मगच दह्यात घालायची. दहीही असं की त्यातलं पाणी आधीच गेलेलं. अशी त्झात्झिकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस तशीच राहते, किंबहुना दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पाण्याची पायरी चुकली, तर तासाभरात वाटीच्या कडेनं पाण्याचं एक पातळ कडं उभं राहतं. ग्रीक खानावळीत असं कडं दिसलेली वाटी समोर आली, तर जाणकार गिऱ्हाईक बाकीच्या पदार्थांबद्दलही जरा शंकेनं विचार करू लागतं.

काकडी पिळण्याची ही अक्कल जितकी जुनी वाटते तितकी काकडी त्या भागात जुनी नाही. काकडीचं मूळ हिमालयाच्या पायथ्याशी. आजही तिचा कडू जंगली भाऊबंद तिकडे उगवतो. युरोपात ती पोचली मध्ययुगात. प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखनात ज्या ‘काकडी’चा उल्लेख येतो, ती अभ्यासकांच्या मते खरबुजाच्या जातीची, म्हणजे आपल्याकडच्या वाळकाची नातलग होती. रोमचा सम्राट टायबेरियस रोज न चुकता काकडी खायचा आणि त्यासाठी माळी चाकांवरच्या वाफ्यांत वेल लावून ते उन्हात ढकलत न्यायचे, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. तेही बहुधा वाळूकच. दह्याची गोष्ट जुनी आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन ‘ऑक्सिगाला’ म्हणजे आंबट दुधाबद्दल लिहितो. पण त्यात काकडी घालून खाणारा प्राचीन ग्रीक रंगवायचा, तर तो चित्रपटातच शोभेल.

दह्याकडे वळू. ‘ग्रीक योगर्ट’ हे नाव ग्रीसमध्ये कुणी वापरत नाही. तिथे ते ‘स्त्रांगिस्तो’, म्हणजे गाळलेलं, किंवा ‘साकूलास’, म्हणजे पिशवीतलं. कापडी पिशवीत दही भरून टांगायचं, पाणी गळू द्यायचं. तुर्कस्तानात हेच ‘सुझ्मे’, लेबनॉन-सीरियाकडे ‘लब्ने’, महाराष्ट्रात चक्का. आपल्याकडे चक्क्याची गाठ बहुतेक वेळा साखर आणि वेलचीशीच पडली आणि श्रीखंड झालं. भूमध्य समुद्राकाठी त्याला मीठ आणि लसूण भेटले. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत तर ‘चक्का’ हा शब्द जसाच्या तसा आहे आणि त्यात घन भाग किमान ३० टक्के असला पाहिजे अशी अट आहे. ग्रीकांचं गाळलेलं दही त्यापेक्षा मऊ असतं. त्झात्झिकीसाठी श्रीखंडाइतका कोरडा चक्का नकोच; चमचा खुपसला की उभा राहावा, पण हलवताना हात दुखू नये.

घरी हे करायचं तर सुरुवात दुधापासून. ग्रीसमध्ये परंपरेनं मेंढीचं दूध वापरत आणि अजूनही मातीच्या मडक्यात, वर जाड साय धरलेलं मेंढीच्या दुधाचं दही तिथे मानानं विकलं जातं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के असतो. म्हशीच्या दुधातही तेवढाच. त्यामुळे गाईच्या पातळ दुधाशी झगडणाऱ्या लंडन-न्यूयॉर्कच्या हौशी मंडळींपेक्षा कोल्हापूर-सांगलीकडच्या घरात हे दही सहज जमतं. गंमत म्हणजे उत्तर ग्रीसमध्ये केर्किनी सरोवराच्या काठी म्हशी आहेत, पाण्यात डुंबत बसलेल्या, अगदी पंचगंगेच्या काठी दिसाव्यात तशा. तिथे म्हशीच्या दुधाचं दही मिळतं आणि प्रवासी ते मुद्दाम जाऊन खातात.

दूध उकळायचं. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असलं तरीही. डेअरीत ते साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात. तेवढ्यानं जंतू मरतात, पण दही घट्ट व्हायला ते पुरत नाही. दूध ८५ अंशांच्या वर जाऊन तिथे दहा-पंधरा मिनिटं राहिलं, की त्यातली एरवी पाण्यात विरघळून राहणारी प्रथिनं उलगडतात आणि केसीनच्या कणांना चिकटतात. मग दही लागताना जी जाळी विणली जाते ती दाट होते आणि पाणी धरून ठेवते. मराठी घरात दूध आलं की उकळतंच, त्यामुळे ही पायरी आपल्याकडे विचार न करता पार पडते. कवडीदार दह्यामागचं एक मोठं कारण हेच.

मग दूध निवू द्यायचं, पण आपल्या नेहमीच्या दह्याइतकं कोमट नाही. ४३ ते ४५ अंश. थर्मामीटर नसलेल्या जुन्या घरांत, पूर्व भूमध्य प्रदेशात, करंगळी दुधात बुडवून दहापर्यंत मोजत. दहाच्या आत बोट काढावं लागलं तर दूध अजून गरम, दहानंतरही काही वाटलं नाही तर उशीर झाला. एवढी ऊब लागते, कारण योगर्टचे दोन जिवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, उन्हाळी स्वभावाचे आहेत. आपल्या घरच्या विरजणात बहुधा लॅक्टोकॉकस जातीचे जिवाणू आणि इतर बरीच पाहुणे मंडळी असतात. त्यांना २५ ते ३० अंश पुरतात, त्यांचं दही जरा सौम्य, वेगळ्या वासाचं होतं. बल्गेरिकसचं नाव बल्गेरियावरून आलं. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनीव्हात घरच्या दह्यातून तो शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या इल्या मेचनिकोव्हनं तो धागा पकडून बाल्कन भागातल्या म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय दह्याला दिलं. त्याला १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिलं दही.

विरजण घरचं असलं तरी बिघडत नाही, फक्त ते आंबट नको. अगदी ग्रीक चव हवी असेल तर बाजारात मिळणारं साधं, साखर नसलेलं, जिवंत विरजणाचं योगर्ट दोन चमचे घ्यावं. १ लिटर दुधाला तेवढं पुरे. भांडं जुन्या गोधडीत गुंडाळून किंवा झाकणाच्या कॅसरोलमध्ये सहा ते आठ तास. मध्येच झाकण उघडून हलवून बघायचा मोह आवरावा. लागत आलेलं दही धक्क्यानं फुटतं.

आणि मग टांगणं. कापड नवं असेल तर आधी खळ निघेपर्यंत धुवायचं, नाहीतर चक्क्याला दुकानाचा वास लागतो. जुना, मऊ झालेला, साबणाचा वास नसलेला पंचा किंवा मलमल उत्तम. पूर्वी पुरचुंडी रात्रभर नळाला किंवा खुंटीला लटकायची. एप्रिल-मेमध्ये हे करू नये. सकाळपर्यंत दही इतकं आंबतं की श्रीखंडात साखर घालून सावरता येतं, लसणाच्या त्झात्झिकीत नाही. चाळणीत कापड पसरून, खाली पातेलं ठेवून, सगळं फ्रिजमध्ये सरकवावं. चार तासांत दाट दही, सात-आठ तासांत त्झात्झिकीजोगं. घाई करून पुरचुंडी पिळली तर पाण्याबरोबर प्रथिनं आणि लोणीही कापडातून बाहेर येतं. काकडी पिळायची, दही मात्र टांगायचं. ही दोन कामं उलट केली तर दोन्ही बिघडतात. १ लिटर दुधातून ४०० ग्रॅमच्या आसपास हाती लागतं. बाकीची हिरवट-पिवळी निवळ पातेल्यात.

या निवळीनं अमेरिकेत मोठीच डोकेदुखी केली. गेल्या दोन दशकांत तिथे ग्रीक योगर्टची लाट आली आणि न्यूयॉर्क राज्यात कारखाने उभे राहिले. तीन-चार लिटर दूध घेतलं की साधारण एक लिटर योगर्ट, बाकी आम्लयुक्त निवळ. ती ओढ्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात, म्हणून तसं करायला बंदी. टँकर भरभरून ती शेतांवर पसरायची, गुरांच्या खाद्यात मिसळायची, बायोगॅसला द्यायची, असे मार्ग काढावे लागले. मराठी घरात असा प्रश्न पडत नाही. निवळीत भाजणी भिजते, थालीपीठ खुसखुशीत होतं. नाहीतर ती कढीत जाते.

अमेरिकेतली ती लाट आणणारा माणूस ग्रीक नव्हता, ही या गोष्टीतली मजा. हमदी उलुकाया हा तुर्कस्तानातल्या एर्झिंजान भागातला कुर्द; घरी मेंढ्या आणि चीज बनवण्याचा धंदा. २००५ मध्ये त्यानं न्यूयॉर्क राज्यातला एका बड्या कंपनीनं बंद केलेला जुना दूध कारखाना कर्ज काढून विकत घेतला आणि २००७ मध्ये ‘चोबानी’ बाजारात आणलं. नाव तुर्की ‘चोबान’वरून, म्हणजे मेंढपाळ. दुसऱ्या बाजूला होती खरी ग्रीक कंपनी, फाये. १९२६ मध्ये अथेन्समध्ये फिलिपू कुटुंबानं काढलेल्या दुधाच्या दुकानातून ती वाढली. ‘फाये’ हा कुटुंबाच्या धंद्याच्या नावातल्या आद्याक्षरांचा शब्द, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो ‘खा!’ चोबानीनं अमेरिकेत बनवलेलं दही ब्रिटनमध्ये ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून विकायला आणलं तेव्हा फाये कोर्टात गेली. २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि २०१४ च्या सुरुवातीला अपील न्यायालयानं तो कायम केला: ब्रिटिश गिऱ्हाइकाला ‘ग्रीक योगर्ट’ म्हटलं की ते ग्रीसमध्ये बनलंय असंच वाटतं, तेव्हा बाहेर बनलेल्या दह्यावर ते नाव लावता येणार नाही. तेव्हापासून तिथे इतरांना ‘ग्रीक-स्टाइल’ लिहावं लागतं.

‘स्टाइल’ हा शब्द डब्यावर दिसला की डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचावीत, मग देश कुठलाही असो. काही कंपन्या दही गाळतच नाहीत. दुधाची पावडर, प्रथिनांची भुकटी किंवा स्टार्च घालून घट्टपणा आणतात. खाताना ते चालतं, पण त्झात्झिकीत अशा दह्याचा मेळ बसत नाही. आत पाणी आहेच. मीठ आणि व्हिनेगर लागलं की ते सुटायला लागतं. भारतात २०१५ मध्ये मुंबईतून ‘एपिगामिया’ आल्यापासून छोटे कप सगळीकडे दिसायला लागले, त्यातले बरेच फळांचे आणि गोड. घरी वापरायला ‘प्लेन’ लिहिलेलाच कप घ्यावा. खरं तर हलवायाकडून पाव किलो बिनसाखरेचा ताजा चक्का आणून दोन चमचे दुधात सैल केला तरी काम होतं, तेही कितीतरी स्वस्तात.

लसणावर मात्र घरोघरी मतभेद. अर्ध्या किलो चक्क्याला दोन पाकळ्या की सहा, हा ग्रीसमध्ये वादाचा विषय आहे आणि त्यात सासू-सुनेचं राजकारणही येत असणारच. लसूण अख्खा असताना त्याला फारसा वास नसतो. तो ठेचला की पेशी फुटतात, आतले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि अॅलिसिन तयार होतं, झणका त्याचा. पाकळी जितकी बारीक ठेचावी तितका झणका जास्त. आम्ल ही क्रिया थोपवतं, म्हणून ज्यांना सौम्य हवं ते पाकळी थेट व्हिनेगरमध्ये किसतात. बाकीचे चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात वाटून मलई करतात. त्झात्झिकी खाऊन कुणाच्या तोंडाजवळ बोलायची सोय नाही असं म्हणतात, पण दह्यातच त्यावरचा उतारा आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, बाटल्यांत ठेवलेल्या कच्च्या लसणावर सायीसकट दुधाचं योगर्ट घातल्यावर त्याचे वास देणारे मुख्य वायू जवळजवळ सगळे दबले. त्यात पाणी, स्निग्धांश आणि प्रथिनं या तिघांचाही वाटा होता. प्रयोग बाटलीतला होता, तोंडातला नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लसूण म्हटलं की उपासतापास आलेच. आपल्याकडे आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मास पाळणारी घरं कांदा-लसूण बंद करतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात लसूण चालतो, दूध-दही चालत नाही. दोन्हीकडे त्झात्झिकी बाद, कारणं वेगवेगळी.

जुळवणी करताना एकच पथ्य: मिक्सर लावायचा नाही, फेटायचंही नाही. दही दिसलं की घुसळायचं ही आपल्या हाताची सवय. पण घुसळलं की ती विणलेली जाळी तुटते आणि आठ तास टांगून मिळवलेला घट्टपणा दोन मिनिटांत जातो. मोठ्या वाडग्यात अर्धा किलो चक्का घ्यावा. त्यात वाटलेला लसूण, एक मोठा चमचा व्हिनेगर, पिळलेली काकडी मोकळी करून, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मूठभर कोवळा शेपू बारीक चिरून, दांडे काढून. लाकडी चमच्यानं खालून वर उलथत कालवायचं. मीठ शेवटी चाखून, कारण काकडीनं थोडं आणलेलं असतं. साखर नाही. फोडणी नाही. हिंग-मोहरीची तडतडणारी फोडणी ओतायची इच्छा होईल. ओतल्यास चांगलंच लागेल, फक्त मग ते दुसरं काहीतरी असेल. काकडी आपली नेहमीची कोवळी, बारीक बियांची घ्यावी, देठाचं टोक कापून घासून फेस काढून. कोकणातलं जून तवसं असेल तर उभं चिरून चमच्यानं बिया खरवडून टाकाव्यात, सगळं पाणी त्या गराशीच असतं. तासभर फ्रिजमध्ये, मग वर तेलाची एक धार आणि एखादं काळं ऑलिव्ह.

ग्रीसमध्ये हे ताटाच्या मधोमध ठेवून चारी बाजूंनी पावानं ओरपतात, ऊझो या बडीशेपेच्या वासाच्या दारूबरोबर. तळलेल्या वांग्या-झुकिनीच्या कापांबरोबर. आणि रस्त्यावर, सुवलाकीच्या दुकानात. तिथे ‘आप ओला’, म्हणजे ‘सगळं घालून’, एवढं सांगितलं की गरम पिटा ब्रेडमध्ये मांस, टोमॅटो, कांदा, बटाट्याचे तळलेले काप आणि त्झात्झिकीचा जाड थर असा कागदात गुंडाळलेला द्रोण हाती येतो. तो खाताना हातावर पाणी ओघळलं नाही, तर करणाऱ्यानं काकडी नीट पिळली असं समजावं. मराठी घरात तिची जोडी भाकरीशी चांगली जमते, कोंबडी-वडे किंवा तंदूरमधल्या कुठल्याही पदार्थाशी तर जमतेच. वांग्याचे काप रव्यात घोळवून तळले आणि शेजारी ही वाटी ठेवली, तर अथेन्सच्या माणसाला घरची आठवण येईल.

एजियन समुद्र ओलांडला की पाणी परत यायला लागतं. तुर्कस्तानातला जाजुक पातळ असतो. दह्यात पाणी घालून, काकडी बारीक चिरून किंवा किसून, वर वाळलेला पुदिना, कधी बर्फाचे खडे. तो वाटीतून चमच्यानं प्यायचा, भाताबरोबर. बल्गेरियात दोन्ही वाटा आहेत: ‘तारातोर’ हे अक्रोड घातलेलं थंडगार सूप, तर गाळलेल्या दह्याचं घट्ट रूप म्हणजे ‘स्नेझांका’. हे नाव परीकथेतल्या हिमगौरीचं, पांढऱ्याशुभ्र रंगामुळे. सायप्रसमध्ये शेपूऐवजी पुदिना येतो आणि नाव होतं ‘तालातूरी’. इराणी ‘मास्त-ओ-खियार’मध्ये मनुका, अक्रोड आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्याही पडतात, जरा लग्नघरासारखा थाट. या सगळ्यांच्या पंक्तीत आपल्या कोशिंबिरीची वाटी ठेवायला हरकत नाही. फोडणीमुळे ती वासानं आधी ओळखू येईल.

त्झात्झिकीचा जाजुक व्हायला मुख्यतः पाणीच लागतं, म्हणूनच ती उरली तर टाकायचं काही कारण नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन तापलेलं असताना, तळाशी राहिलेली वाटीभर त्झात्झिकी मोठ्या भांड्यात काढावी, तेवढंच गार पाणी घालावं, चिमटीभर मीठ, तळहातावर चोळलेला सुका पुदिना, बर्फाचे दोन खडे. चमच्यानं ढवळलं की जाजुक तयार. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात निवळीची बाटली अजून असेल, तर पाण्याऐवजी तीच घालावी.